पुत्राचा महाल

४ मार्च
पुन्हा तेच! बसमध्ये उठले तर सीटवर डाग. कोट कमरेला बांधला आणि दोन स्टॉप आधीच उतरून सरळ दवाखाना गाठला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गाठी वाढल्यात. हिमोग्लोबिन सातवर आलंय. पिशवी काढायलाच हवी." मग फॉर्म पुढे सरकवला. खाली रकाना — पालकाची सही. मी त्रेचाळीस वर्षांची. पालक!
"नवऱ्याची घेऊन या," म्हणाल्या. "इथली पद्धतच आहे तशी."

५ मार्च
गी-ह्योक सही करत नाही. "घराण्यातला थोरला मी. आपल्याला एकच मुलगी. या वयातही होतात गं मुलं!" ताटावरून उठला. मी भांडले नाही. भांडायला अंगात रक्त तर हवं.

९ मार्च
कोरियन कादंबरीचं इंग्रजी भाषांतर पान ११२ वर अडलंय. नायिका सासऱ्याला सांगते, "माझं जागुंग माझं आहे." जागुंग म्हणजे गर्भाशय. पण अक्षरं फोडली तर — पुत्राचा महाल! हा शब्द मी जन्मभर बोलतेय. इंग्रजीत नेला की पुत्र गळून पडतो, नुसता अवयव उरतो. लेखिकेचा सगळा राग त्या पुत्रावर आहे, आणि मला तोच पलीकडे नेता येत नाही. आणि घरात? घरात तोच हलत नाही!

१३ मार्च
सासूबाई आल्या. किमचीचा डबा आणि काढ्याच्या पाकिटांचा खोका. दारातूनच, "पितेस ना गं? रोज दोन!"
गी-ह्योक हसला. "आईला नातू हवाय."
तीन वर्षं दर महिन्याला हा खोका येतो. वर त्यांच्या किरट्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली. मी कधी वाचत नाही. काय असणार तिच्यात? त्या गेल्यावर नेहमीसारखी पाकिटं फोडली आणि मोरीत ओतली. चीड आली होती. त्यांची, त्याची, माझीसुद्धा.

१४ मार्च
एक ओळही झाली नाही. नुसती पडून.

१९ मार्च
हॉस्पिटल. बाटलीतून कुणाचं तरी रक्त चढतंय.
सोमवारी स्वयंपाकघरात कोसळले. लेकीने, सोल-आने, बापाला फोन केला — मीटिंग. मग आजीला केला. आजी टॅक्सीने आली, घरातल्या सपाता पायात तशाच!
अर्धवट शुद्धीत ऐकलं ते असं. नर्स म्हणाली, "पालक कोण?"
"मी."
"आजी, तुमच्या मुलाला विचारून —"
"का? पोट त्याचं आहे का? आण तो कागद इकडे."
सहीऐवजी त्यांच्या नावाचा शिक्का उमटवल्याचा आवाज आला. मी रडले. नातवाची आस लावून बसलेली बाई — हिला झालं काय?

२७ मार्च
पिशवी काढून घरी आले. ओट्यावर तो रिकामा खोका तसाच. आज चिठ्ठी वाचली.
"रक्त थांबायला. जेवणानंतर, रोज दोन. मलाही असंच व्हायचं, कुणाला सांगता आलं नाही. गी-ह्योकला नातवासाठी म्हणून सांगितलंय, नाहीतर पिऊ दिलं नसतं."