नाव घेतलं की माणूस नाहीसा

६ जानेवारी, सोमवार

नाही, मला ते जपानी कार्टून आवडत नाही! बघते, कारण हे बघतात. हे एका जागी बसतात ते तेवढाच वेळ. बाकी दिवसभर दार ते गॅलरी, गॅलरी ते दार.

यांची वही डॉक्टरीणबाईंनी लिहायला लावली. झोप, जेवण, औषध, ओळख — चार रकाने. "आजी, तुम्हाला काही वाटलं तर तेही लिहा." मला काय वाटायचंय! सातवीपर्यंत शाळा. पण रकाने चार आणि पान एवढं मोठं. कोरं ठेवून तरी काय करायचं.

झोप — चार तास. जेवण — दीड भाकरी. औषध — थुंकलं, परत दिलं. ओळख — सुनेला, दीपालीला, "आक्का" म्हणाले. नातीला, संस्कृतीला, "मास्तरीण". मला ओळखतात. मी "अहो" म्हणलं की "काय गं?" येतं. दर वेळी येतं. बाकी सगळं गेलं तरी चालेल, एवढं राहू दे.

७ जानेवारी

संस्कृती कॉलेजातून आली की टॅब लावते. कार्टूनचं नाव माझ्या तोंडात बसत नाही, मी "ते काळं" म्हणते. सगळं अंधारात. त्या देशात बल्ब मिळत नाहीत बहुतेक. बोलणं जपानी, खाली अक्षरं इंग्रजी, संस्कृती मधे मधे मराठीत सांगते. दर भागात नवा माणूस. त्याच्यात काहीतरी शक्ती. शेवटी त्याचं वाटोळं. असे सोळा भाग.

आजचा — एकाला दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येतं. चांगलं कोण बोलतंय का म्हणून गावभर फिरला. कुणी नाही. मग डोंगरावर जाऊन एकटा राहिला. मला चाळीस वर्षं सासूबाईंच्या मनातलं ऐकू येत होतं. मी कुठं गेले?

संस्कृती फोनवर असल्या मालिकांचं परीक्षण टाकते. "आजी, पाचपैकी किती?" दोन. एक डोंगर बरा काढलाय म्हणून. एक यांनी शेंगदाण्याची वाटी संपवली म्हणून.

९ जानेवारी

एक पोरगा वेळेत चार मिनिटं मागे जातो. बहीण बुडते, तिला वाचवायला. पण मागे गेला की दर वेळी डोक्यातलं एक काहीतरी पुसलं जातं. आधी शाळा. मग घराचा रस्ता. मग आई. शेवटी पाण्याकाठी उभाच — कशाला आलो, तेच माहीत नाही.

संस्कृती रडली. दीपाली हातात झारा घेऊन उभी, तीही रडली.

हे हसले. मोठ्यांदा! म्हणाले, "ह्यो आपल्यातला हाय."

मी भाकरी टाकायला उठले. पाचपैकी शून्य. "आजी, हा बेस्ट भाग आहे!" असेल. शून्य.

१० जानेवारी

काळं नाही. नेट बंद.

वॉचमननं यांना पार्किंगमधून वर आणून सोडलं. विहीर शोधत होते. वॉचमन हसत होता. विहीर पार्किंगखालीच आहे! सोसायटी आमच्याच रानावर उभी राहिली. त्या पोराला काय माहीत. दाराला वरच्या बाजूला कडी बसवून घेतली.

ओळख — आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ दिला. "कुणी दिला?" विचारलं. "तूच की," म्हणाले.

१५ जानेवारी

आजच्या भागात एक बाई. तिची शक्ती अशी — ज्याचं नाव घेईल तो माणूस नाहीसा. धूरसुद्धा राहत नाही. म्हणून ती कुणाचंच नाव घेत नाही. मग तिचं लग्न होतं. नवऱ्याला "अनाता" म्हणते. संस्कृती म्हणली, "आजी, तिकडे बायका नवऱ्याला असंच म्हणतात. नाव नाही घेत." म्हणजे अहो. सरळ सांग ना.

ही शक्ती आमच्याकडे घरोघर होती! नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. त्यावर कुणी कार्टून काढलं नाही. मी यांचं नाव एकदाच घेतलं. लग्नात, उखाण्यात, तेही नणंदा दार अडवून उभ्या होत्या म्हणून. रेशनला, बँकेत, दवाखान्यात कुणी नाव विचारलं की मी आधारकार्ड पुढं करते. डॉक्टरीणबाईंना आधी वाटलं मी मुकी आहे.

तर शेवटी त्या बाईचा नवरा धुक्यात वाट चुकतो आणि गोठलेल्या तळ्यावर चालत निघतो. बर्फ पातळ. ही काठावर. "अनाता, अनाता" — त्याला ऐकू जात नाही. बर्फाला चीर पडते. बाई तोंड उघडते — आणि संपलं! उरलेलं पुढच्या भागात, म्हणे.

ओरड की बये! विचार कसला करतेस? घे नाव आणि मोकळी हो!

मार्क दिले नाहीत. अर्ध्या भागाला कसले मार्क.

१७ जानेवारी, शुक्रवार

दीपालीचं हळदीकुंकू. सोसायटीतल्या तीसेक बायका. मी म्हणलं होतं, वाण घरोघर पोचवून मोकळी हो. पण हौस! बायकांची ये-जा म्हणून कडी काढली, दार सताड उघडं. हे आतल्या खोलीत. समोर टॅब, तो डोंगरावरचा माणूस परत लावून दिलेला.

बायका माझ्या मागे लागल्या. "आजी, नाव घ्या!"

"घेतलंय. चौऱ्याहत्तर साली."

"तेव्हाचं चालत नाही!"

"मग तुम्ही उशिरा आलात."

हसल्या. तेवढ्यात आत भाग संपला असणार. पडदा काळा झाला आणि हे उठले. बायकांच्या मधून दाराबाहेर. एकीनं तर जाता जाता यांच्या हातावर तिळगूळ ठेवला! थांबवलं नाही.

पार्किंगमध्ये नाहीत. गेटवर नाहीत. बाहेर कुणी सांगितलं, तिकडं गेले, म्हणून मी नि दीपाली रिक्षानं आळंदी रस्त्याला. तिच्या बोटांना हळद तशीच. विश्रांतवाडीच्या चौकाजवळ दिसले — रस्त्याच्या पलीकडे, अनवाणी, फुटपाथवरून खाली उतरताना. आणि डंपर येतोय.

"अहो!" म्हणलं. "अहो!" बसस्टॉपवरचे तीन म्हातारे वळले. हे नाही. दीपाली "बाबा! बाबा!" — नाही.

"मच्छिंद्र!"

थांबले. डंपर पुढून गेला.

रस्ता कसा ओलांडला आठवत नाही. हात धरला. यांनी सोडवून घेतला.

"बाई, हात सोडा. आमची मंडळी बघंल."

"मीच आहे," म्हणलं.

मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आमची मंडळी नाव घेत न्हाय माझं."

दीपालीला हसू आलं, मग रडायलाच लागली. रस्त्यात रडू नको म्हणलं.

"चला," म्हणलं यांना. "तुमच्या मंडळींनीच धाडलंय मला."

मग आले. रिक्षात मूठ उघडली. तिळगूळ होता, चिकट झालेला. मला दिला नाही.

१८ जानेवारी

झोप — सात तास. जेवण — दोन भाकरी. पायाला जरा खरचटलंय, बाकी काही नाही. दीपाली म्हणते, नशीब.

"अहो" म्हणलं. "काय बाई?" म्हणाले.

१९ जानेवारी

संस्कृती म्हणली, तळ्याचा पुढचा भाग आला. "लावू?"

नको.

"आजी! ती नाव घेते की नाही, बघायचं नाही तुला?"

घेते.

"तुला काय माहीत? आणि मग तो नाहीसा होतो का?"

तू बघ तुझं. मला भाकऱ्या करायच्यात.

मागं मागं स्वयंपाकघरात आली. "बरं, मार्क तरी सांग."

कार्टूनला दोन. त्या बाईला पाच.

२० जानेवारी

सकाळी चहा दिला. बशीत ओतून प्याले. मग हळूच म्हणाले, "बाई, आमची मंडळी भेटली तर सांगा, म्या घरी आलोय. लई शोधत आसंल."

सांगते म्हणलं.

झोप — सहा तास. जेवण — दीड भाकरी. औषध — घेतलं. ओळख — या रकान्यात मी काही लिहिणार नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तरी नाही.