हाराची तार

अंबरपेठ, हैदराबाद

ती. अक्कास,

वसंताचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (डाव्याची चौकशी आधी धर. मागच्या पत्रात फक्त उजव्याची केली म्हणून तू रागावली होतीस.) मी बरा आहे. तुझी भावजय सुमनही बरी आहे, फक्त चार दिवस माझ्याशी बोलत नव्हती, त्याचं कारण पुढे येईलच.

दाजी गेल्यापासून तू उदगीरच्या घरात एकटी असतेस. गेल्या मे महिन्यात तुला इकडे आणताना जहीराबादच्या अलीकडे तुला भोवळ आली आणि पुन्हा म्हणून माझ्या गाडीच्या भट्टीत बसणार नाही असं तू जाहीर केलंस. तेव्हापासून तू आलेली नाहीस. रेल्वेने ये म्हटलं तर स्टेशनचे जिने आडवे येतात. माझी पिकअप (बेगम बाजारात मिरचीची पोती नेऊन नेऊन सोळा वर्षांची झालेली) तशी गुणाची, फक्त तिचा एसी गळका. गॅस भरला की आठ दिवस गारवा, नवव्या दिवशी गरम फुंकर. दोन मेकॅनिकनी नुसता गॅस भरून दिला आणि मी भरून घेत राहिलो. भोक बुजवल्याशिवाय भरताय कशाला, असं सुमनने विचारलं. बायकांना यंत्रातलं कळत नाही, असं मी म्हणालो. (अबोल्याचं कारण हेच.)

शेवटी तारनाक्याच्या जब्बारभाईंकडे गेलो. त्यांनी पुढची जाळी काढली, एसीच्या नळ्यांत दाबाने नायट्रोजन भरला, वरून साबणाचा फेस फासला आणि चहा घेत बसले. चहा संपायच्या आत एका जागी बुडबुडे यायला लागले. तिथे एक गंजकी तार रुतली होती. आता तुला ठाऊक आहे, दसऱ्याला गाडीचा हार दोऱ्याने बांधला तर चौक ओलांडेपर्यंत सुटतो. म्हणून मी बारीक तारेने बांधतो, जाळीच्या आतून चांगला पीळ देऊन. हार सुकला की फुलं काढायची, तार तशीच राहू द्यायची. (देवाची तार, तिला पक्कड कशी लावायची?) अशा सोळा दसऱ्यांच्या तारा आत होत्या, आणि त्यातली एक हादऱ्यांनी घासत घासत नळीत शिरली होती. जब्बारभाईंनी सगळ्या माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाले, "गाडी कू कुछ नै हुआ साब, आपकी पूजा लग गई." मला फार लाज वाटली. आमच्या गल्लीतल्या आणखी पाच गाड्यांचे हार मीच बांधतो. त्यांच्या मालकांना अजून सांगायचं आहे.

नळ्यांचा तो भाग बदलला. काल भर दुपारी सुमनला शेजारी बसवून चक्कर मारली. अर्ध्या वाटेत तिने पदर खांद्यावरून लपेटून घेतला आणि म्हणाली, "आता अक्कांना घेऊन या."

तुझा धाकटा,
वसंत

ता. क. मिरचीच्या पोत्यांना एसी लागत नाही. मी खिडक्या उघड्या ठेवून आणखी दहा वर्षं गाडी चालवली असती. रविवारी सकाळी येतो, तयार राहा.

ता. क. २. वर मी "महिनाभरासाठी" असं लिहिलं होतं, ते सुमनने खोडायला लावलं. तू तिकडे एकटी जेवतेस हे आम्हाला रोज ताटावर बसलं की आठवतं. दरवेळी तू घराची किल्ली शेजारच्या रेणूकडे ठेवून येतेस आणि आठ दिवसांत परत निघतेस. या खेपेला किल्ली सोबत आण.