रिकाम्या बरणीचा आकडा

४ फेब्रुवारी
पेंबा बेटावर पोचले! घरातली पहिली पदवीधर मी, आणि पहिलंच काम इतकं गरजेचं. उन्हाचा ताण पडला की समुद्रशेवाळ एक उग्र वायू सोडतं, तो मोजायचा. सात दिवसांचे आकडे पटले, तर आमचं कार्यालय इथल्या शेवाळ लावणाऱ्या बायकांना खोल, थंड पाण्यात लागवड करायला बोट देणार. घरमालकीण बी कझिजा बाहेरूनच 'होदी', म्हणजे 'येऊ का', म्हणाल्या. मी 'करिबू, या आत' म्हटल्यावर नारळाच्या दुधातला कसावा घेऊन आल्या. स्वतःच्याच घरात होदी कशाला, असं विचारलं, तर म्हणाल्या, आता आत तू आहेस ना, बाई!

५ फेब्रुवारी
ओहोटी भर दुपारी. दोऱ्यांवरचं शेवाळ पांढरं पडून तुटतंय. सहा बरण्यांत शेवाळ भरलं; सातवी तुलनेसाठी रिकामी. बी कझिजा पाण्यात पाय टाकण्याआधी समुद्रालाही होदी म्हणतात. मी तशीच घुसले. बायका खिदळल्या, न विचारता शिरायचे वेगळे गुण मिळतात का गं पदवीला? बी कझिजा हसल्या नाहीत. म्हणाल्या, आजारी शेवाळ उलट आपल्याच दाराशी येऊन होदी म्हणतं. बघितल्याशिवाय करिबू म्हणू नकोस. तीन हाकांना उत्तर नाही मिळालं की कोणीही परत जातं.
तोंडातून आपोआप निघणारा शब्द कसा अडवायचा?

८ फेब्रुवारी
सहाही बरण्यांचे आकडे चढताहेत. पण रिकामीचा सगळ्यात जास्त! चारदा धुतली. कार्यालयातले साहेब फोनवर म्हणाले, सातवी शून्यावर आणा, नाहीतर सगळंच बाद. इथे पीक कुजतंय, बायकांचे डोळे चुरचुरताहेत, आणि मी बरणी घासत बसलेय.

९ फेब्रुवारी
उपकरण बदललं. त्याची हवा ओढणारी नळी बदलली. तेच. सातवी खोलीत आणली. झाकण घट्ट, तरी गोडसर, औषधी वास सुटलाय. साहेब फोन उचलत नाहीत. रडू आलं. रागानं.

१० फेब्रुवारी
दुपारी दारात होदी. बी कझिजांचा आवाज. तोंड उघडणार, तेवढ्यात खिडकीतून त्या दिसल्या — लांब, गुडघाभर पाण्यात, दोऱ्या बांधत.
तीन हाका. मी ओठ दाबून बसले.
मग शांतता. उंबऱ्याबाहेर ओली वाळू.
सातवी — शून्य.

११ फेब्रुवारी
शेवटचा दिवस. सहाही चढते, सातवी शून्य. कागद पूर्ण! आता कोण नाही म्हणतं बघू. बोट मिळणार. बी कझिजांना कधी एकदा सांगते असं —

होदी ऐकलं. आनंदात करिबू म्हणून बसले.

बी कझिजा अजून पाण्यातच आहेत. वाकलेल्या. पाठमोऱ्या.

दार उघडलं नाही. पण वास आत —

कागद खिडकीबाहेर टाकलाय. त्यांना सापडू दे. ते आकडे खरे आहेत.

सातवी पुन्हा चढतेय. नळी बरणीत नाहीच. टेबलावर आहे, माझ्यासमोर.
श्वास रोखला — आकडा थांबला.
सोडला —