पाठीमागची बोटं

प्रिय ताई,

डॉक्टरांनी तुला मोबाइल बघायचा नाही म्हणून सांगितलंय, म्हणून कागदावर लिहितेय, तेही मोठ्या अक्षरात. डोकं दुखायला लागलं की तिथेच थांब, उरलेलं उद्या वाच. मावशीकडे पडदे ओढलेल्या खोलीत पडून पडून जीव विटला असेल तुझा. इथे तुझे गोलकीपरचे हातमोजे दारामागे तसेच लटकलेत. आई धुवायला म्हणून काढते आणि न धुताच परत अडकवते.

पत्ते खेळताना आपण किती लबाडी करायचो ना? मी आईच्या पाठीमागून बोटांनी तिची पानं सांगायची आणि तू साळसूद चेहऱ्याने जिंकायचीस. एकाच माळेचे मणी, म्हणायची आई.

फुटबॉलच्या सरांना शाळेने काढून टाकलं. डोक्याला मार लागलेल्या पोरीला परत मैदानात पाठवलं, म्हणून बाबासुद्धा त्यांना नाही नाही ते बोलले. डोक्याला मार लागल्यावर विचारतात त्या प्रश्नांची उत्तरं बरोबर आली तरी त्या दिवशी खेळवायचंच नसतं, असं डॉक्टर म्हणाले. तेवढं सरांचं चुकलंच. पण ‘मी विचारलं होतं, तिने सगळं बरोबर सांगितलं,’ असं सर म्हणत राहिले, त्यावर कोणाचा विश्वास बसला नाही.

सर खरं बोलत होते, ताई. गोलच्या खांबावर डोकं आपटून तू उठलीस, तेव्हा माझ्याकडे बघतानाही तुझी नजर हरवल्यासारखी होती. सरांनी तुला गुणफलकाकडे पाठ करून बसवलं आणि स्कोअर विचारला. फलकावरचे आकडे बदलायचं काम माझंच. मी सरांच्या मागे जाऊन आधी दोन बोटं दाखवली, मग एक. मध्यंतर झालं का विचारलं, तेव्हा ‘हो’ म्हणून मान डोलावली. फायनल होती गं, तू बाहेर बसून रडलेली मला बघवलं नसतं. दहा मिनिटांत तू दुसऱ्यांदा आपटलीस. उलट्या करता करता मी कोण, असं मलाच विचारलंस.

तुला तो दिवस आठवतच नाही. मी गप्प बसले असते तर कुणालाच कळलं नसतं, आणि दोन महिने मी गप्पच बसले. काल आईबाबांना सांगितलं. उद्या बाबा मला मुख्याध्यापिकांकडे नेणार आहेत, तिथून सरांच्या घरी. त्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे पत्र. सोमवारी तुझ्या तपासणीला मी येतेय. डॉक्टर वार, महिना विचारतील तेव्हा मी तुझ्या शेजारी बसेन, हात खिशात घालून. उत्तर आठवलं नाही तर आठवत नाही म्हण.

तुझीच,
लबाड धाकटी