गोमीची पट्टी

राजारामपुरी, कोल्हापूर
९ जानेवारी २०२५

चि. दानेश्वरी हिला महानंदाचे आशीर्वाद.

तू खुशाल असशील. वारणेकडं थंडी जास्त पडते म्हणतात, पहाटे डेअरीत जाताना कानाला बांधत जा. फोन तू उचलत नाहीस आणि मोबाईलवर लिहायला मला सुचत नाही, म्हणून कागद घेतला. पत्ता मुरगूडच्या मल्लेशमामांनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच मागे लागले होते.

तुझ्या अप्पांचं तसं बरं आहे. जेवण आहे, झोप आहे. विसरतात. पूर्वी चष्मा, किल्ली विसरायचे, आता माणसं विसरतात. डॉक्टर म्हणाले, हाताला काम राहू दे. म्हणून मागच्या खोलीतला कारखाना चालू आहे. देव्हाऱ्यांच्या आणि दागिन्यांच्या पेट्यांच्या कडेला बसवायच्या नक्षीच्या पट्ट्या अजून करतात. मागणी कुणाची नसते. चकतीच्या करवतीची वायर मी काढून लपवली, तेव्हापासून हातकरवतीनं चिरतात.

तू लहानपणी बघितलं असशील. काळं शिसव, पिवळा हळदू, तांबूस खैर, यांचे तिरपे तुकडे एकमेकांना चिकटवून ठोकळा करायचा, शिकंज्यात आवळून वाळवायचा, मग कडेनं पातळ पातळ चिरायचा. वरून ठोकळ्यात काही दिसत नाही. चिरला की प्रत्येक पट्टीत तीच नक्षी निघते. पूर्वी हे कितीतरी नक्ष्या करायचे. आता एकच करतात, गोमीची. बारीक बारीक पायांची ओळ. तुझी आई, बसव्वा, गेल्यावर वर्षभरानं मी या घरात आले, तेव्हापासून ती नक्षी यांनी केलेली मी पाहिली नव्हती. शेजारच्या बाळाबाईंनी पट्टी हातात घेतली आणि म्हणाल्या, "अगं, ही बसव्वाच्या इरकलीच्या काठावरची गोम. तिनंच काढून दिलती."

आणखी एक होतं. पट्टी चिरून झाली की हे ती कुणाच्या तरी हातात द्यावी तशी बाजूला धरतात आणि सोडतात. तिथं कुणी नसतं. पट्टी फरशीवर पडते. हे खाली बघतात, मग कुणी नाही तिथं बघतात, आणि पुढची चिरायला घेतात.

तुला एवढंच विचारायचं होतं. तुझी आई यांना काय म्हणून हाक मारायची? आणि दोघं बोलायची ती मराठी की कानडी? सहज विचारते आहे. सवड झाली तर कळव.

बाकी ठीक.
महानंदा

*

राजारामपुरी
४ फेब्रुवारी २०२५

चि. दानेश्वरी,

तुझं कार्ड आलं. "आई री म्हणायची. निम्मं कानडी, निम्मं मराठी. तुम्हाला कशाला हवं?" एवढंच होतं, तरी मी ते बऱ्याचदा वाचलं. अक्षर यांच्याच वळणाचं आहे तुझं.

कशाला हवं ते सांगते. दिवाळीच्या सुमारास हे घरातून निघून गेले. एका रिक्षावाल्यानं बसस्टॉपवरून परत आणलं. "कुठं गेलता?" मी विचारलं. म्हणाले, "बसूला आणायला. माहेराहून यायची हाय." मी सांगितलं, बसव्वा गेली हो, किती वर्षं झाली. तर हे तिथंच उंबऱ्यात बसले आणि असे रडले, जशी बातमी आत्ताच आली. चार दिवसांनी परत तेच. परत मी सांगितलं, परत रडले, परत पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. त्यानंतर माझ्याच्यानं सांगवेना. "येईल," एवढंच म्हणायची.

मागच्या पत्रात पट्टी खाली पडते असं लिहिलं. ते लिहिलं तेव्हा ती पडायची बंद झाली होती. एका दुपारी चहा ठेवायला गेले. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी चहा ठेवण्यापलीकडं थांबले नव्हते, यांना आवडायचं नाही. त्या दिवशी यांनी पट्टी बाजूला धरली आणि मी तिथं जाऊन हात पुढं केला. पट्टी हातात आली. गरम होती, करवतीनं. माझ्याकडं न बघता विचारलं, "कवा आलीस?"

"आत्ताच की."

"किती येळ लावलास, बसू. धर हिकडनं."

मी ठोकळा धरला. सगळं बरं चाललं होतं, तेवढ्यात माझ्या तोंडून सवयीनं "अहो" गेलं आणि करवत थांबली. यांनी मान वर करून पाहिलं. घरात चोर शिरल्यावर बघावं तसं. म्हणून तुला ते विचारलं होतं.

आता "री" म्हणते, कानडीतलं अहो. दुपारी चहा झाला की आत जाते, भुसा झाडते, ठोकळा धरते, पट्ट्या जुडीत बांधते. हे बोलत असतात. निम्मं कानडी मला कळत नाही, मी हं हं म्हणते. तिथं माझ्याशी जेवढं बोलतात तेवढं या घरात माझ्याशी कधी बोलले नव्हते. मग मी स्वयंपाकघरात येते आणि परत महानंदा होते. नेहमी लगेच होत नाही. परवा बाळाबाईंनी शेजारून हाक मारली तर मला वाटलं, दुसऱ्याच कुणाला बोलवताहेत. तुझ्या आईची इरकल अजून कपाटात आहे. नेसले नाही मी. एकदा खांद्यावर धरून आरशापुढं उभी राहिले आणि भीती वाटली म्हणून लगेच घडी घातली. माझी मला भीती नव्हती वाटली. आरशातली बाई हसेल असं वाटलं.

एकदा यांनी विचारलं, "बसू, ती बाई कोण गं?"

"कुठली री?"

"भाकरी वाढती ती."

"तुमाला आवडत न्हाय व्हय?"

"तसं न्हाय. चांगली हाय. तिला कुणी न्हाय वाटतं. राहू दे."

"राहू दे," मीही म्हटलं.

मागच्या आठवड्यात यांनी बसूला आणखी एक सांगितलं. ते तुझ्याबद्दल होतं. मी ते या कागदावर लिहिणार नाही. तू ये. एक रविवार काढ. तुझा चेहरा अगदी तुझ्या आईचा झाला आहे, मामांच्या घरच्या लग्नातला फोटो बघितला मी. तुला बसू म्हणाले तर चूक सांगू नकोस. जवळ उभी राहा आणि ऐक.

तू म्हणशील, जिनं घराबाहेर काढलं तीच आता बोलावते आहे. तू तसं मानतेस हे मामांच्या बोलण्यातून कळत होतं. पण का मानतेस ते मला कळायचं नाही. मी आले आणि तू मामांकडं मुरगूडला गेलीस, तेव्हा चौथीत होतीस. पहिल्या दिवाळीला तुझ्यासाठी शिवलेला परकर-पोलका मुरगूडहून घडी न मोडता परत आला, तेव्हा मला वाटलं, पोरीला सावत्र आई नको आहे. यांनीही मला तेच सांगितलं होतं.

ये. जेवायला थांबली नाहीस तरी चालेल.

महानंदा

*

राजारामपुरी
१८ फेब्रुवारी २०२५

दानेश्वरी,

रविवारी तू गेलीस ती पाणी पिऊन, दोनच प्रश्न विचारून. "तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं, थोड्याच दिवसांपूर्वी कळलं. "मग लिहिलं का नाही?" आणि तू चपला घातल्यास. उत्तर आता देते.

मी लिहिलं असतं तर ते माझ्या अक्षरात असतं. सावत्र आई म्हणते, तुझ्या बापानं खोटं सांगितलं. तू कार्डसुद्धा पाठवलं नसतंस. आणि दुसरंही आहे. ते यांनी बसूला विश्वासानं सांगितलं होतं. मी ते चोरून ऐकलं. त्यांचं मन आता त्यांच्या ताब्यात नाही, त्यात हात घालून मी माझी बाजू मांडायची, हे मला जमेना.

मी दाराशी उभी होते. तू पाठमोरी होतीस, म्हणून तुला माझा चेहरा दिसला नाही आणि मला तुझा. यांचा दिसत होता. तुला बघून यांनी करवत खाली ठेवली. माझ्यासाठी कधी ठेवली नव्हती. हात धोतराला पुसले आणि उभे राहिले. माझ्या वेळी ते बसूशी बोलत होते, पण बसूकडं बघत नव्हते. तुझ्याकडं बघत राहिले.

मग ते म्हणाले. मला म्हणाले होते तेच, शब्दाला शब्द. "दानूला मी धाडली, बसू. तिच्या तोंडाकडं बघितलं की तू दिसायचीस, घास जायचा न्हाय. पोरीला सांगितलं, नवी आई तुला नको म्हणती. त्या बाईला सांगितलं, पोरगी तुला नको म्हणती. दोघीबी गप बसल्या." आणि मग, "रागावलीस व्हय?"

मला विचारलं होतं तेव्हा मी लगेच "न्हाय री" म्हणून टाकलं होतं. त्यांचा चेहरा बघवेना म्हणून. तो निरोप द्यायचा अधिकार मला कुणी दिला नव्हता. तुझ्या आईनं दिला नव्हता, तू तर नाहीच. तू काही बोलली नाहीस. त्यांनी पुढं केलेली पट्टी घेतलीस, टेबलावर ठेवलीस आणि बाहेर आलीस. मला ते बरोबर वाटलं. पण मागं खोलीत काय झालं ते तुला माहीत नाही.

हे तू गेलीस त्या दाराकडं बघत होते. मग म्हणाले, "कायच बोलली न्हाय." आणि करवतीला हात न लावता बाहेर आले. सदरा घातला, दारात खुर्ची घेऊन बसले. काल दिवसभर तसेच. कारखान्यात गेले नाहीत. मी जवळ जाऊन म्हटलं, "री, आत चला की, ठोकळा वाळलाय." माझ्याकडं बघितलं. सगळ्या चेहऱ्यावरून नजर फिरवली.

"बाई," म्हणाले, "तुमी कुणाकडं आलाय?"

तू येऊन गेल्यावर त्यांना माझ्यातली बसू दिसेना. खरी बघितली ना त्यांनी.

मी म्हटलं, "मी महानंदा."

इतक्या महिन्यांनी मी यांना माझं नाव सांगितलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. पण खुर्ची सरकवून जागा केली आणि म्हणाले, "बसा. माझी बायको येईल एवढ्यात." मी पायरीवर बसले. लोकांनी दारावरून जाताना पाहिलं असेल, दोन म्हातारी माणसं बसली आहेत. मग ते आपणहून सांगायला लागले. बायको कशी हाय, चिडली की दोन दोन दिवस बोलत न्हाय, पण येती. मी ऐकत होते. बसू म्हणून ऐकताना मला हे कधी ऐकायला मिळालं नव्हतं. मला तिचा राग यायला हवा होता, असं इतकी वर्षं वाटायचं. तो आला नाही. भूक लागली होती. मी विचारलं, "भाकरी खाणार का?" म्हणाले, "तुमीबी खावा."

दानेश्वरी, तुझं इथं येणं माझ्यासाठी नसावं. यांच्यासाठीही नको, त्यांनी तुला ते मागायचा हक्क ठेवलेला नाही. तुला त्यांना काही सुनावायचं असेल तर ये आणि सुनाव. बसू होऊन सुनाव नाहीतर दानू होऊन. त्यांना उद्या आठवणार नाही, पण तुझं सांगून होईल. माझ्याशी बोलायचं असेल तर स्वयंपाकघराचं दार रस्त्याच्या बाजूला आहे, कारखान्यातून यावं लागत नाही.

पुढच्या आठवड्यात बुधवारी शिवरात्र आहे. उपासाचं करीन. तू आली नाहीस तर मी रागावणार नाही. हे मी तुझ्या आईच्या वतीनं लिहीत नाही. हे माझं आहे.

दाराशी बसलेली,
महानंदा