शेंदराखालची करंगळी

हट्टा, सोमवार, दिवेलागणीला

सगळ्यात आधी शेजारची गोदाच आली पेढे खायला, न बोलावता. म्हणे, "दगडं तपासून डॉक्टर झाली व्हय तुझी नात?" झाली की. मूर्त्यांचा इतिहास लिहून झाली. पेढा दिला, तर दुसरा मागून घेतला.

मग माझ्या नातीचे, मीराचे, कॉलेजातले सर आले. दर अवसेला मी शेंदूर लावते त्या पारावरच्या दगडावरचा शेंदराचा थर त्यांनी थोडा काढला. आत बाईचा हात, बांगड्या भरलेला. करंगळी वाकडी. मीराची जन्मापासून तशीच हाय. पोरीनं हसत आपला हात त्यावर ठेवला, बराबर बसला. मला काहून हसू आलं न्हाई? आनंद पोटात मावत न्हाई, पण ती करंगळी डोळ्यापुढून हलत न्हाई.

तोंड अजून शेंदराखालीच हाय. उघडू द्यावं का? सर गुरुवारी उरलेला थर काढायला येतो म्हणाले.