टाचेला टाच

२ जुलै १९९६, मंगळवार

आबा परत पडले! महिन्यात दुसऱ्यांदा. मागं गोठ्यात, आज न्हाणीच्या दगडापाशी. अकराच्या सुमाराला. गुडघा सोलला, हाडं शाबूत. पंचाहत्तरीचा माझा आजा, पलटणीतला निवृत्त हवालदार, आणि वर म्हणतो काय — "पडलो न्हाई. बसलो हुतो."

मला वाटलं, शेजारच्या धुळाची म्हैस. मागं एकदा तिनं आबांना ढुशी दिली होती. तडक गेलो आणि धुळाची कॉलर धरली. तो शांतपणे म्हणाला, "गड्या, म्हस चार दिस झालं माझ्या सासरवाडीला हाय."

कॉलर सोडली.

आई म्हणाली, कॉलेजात भांडून घरी आलास, आता गल्लीत भांडून कुठं जाशील? बोलली तर बोलली. प्रॅक्टिकलच्या सरांची माफी मी मागणार नाही म्हणजे नाही.

५ जुलै, शुक्रवार

कोरेगावहून एसटीनं आबांना साताऱ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, हाडं बरी आहेत म्हणाले आणि फिजिओथेरपीला धाडलं. मी वैतागलो. पडणाऱ्याला व्यायाम? आडवं पडून राहा म्हणायचं की!

आणि मग साक्षी मॅडम आल्या.

माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या असतील. पांढरा कोट, बाह्या दुमडलेल्या. त्यांनी आबांना खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं, एका रेषेत चालायला लावलं. मी मागं उभा. हात पुढं धरायचे, पण लावायचे नाहीत — "धरून ठेवलंस तर त्यांचे पाय शिकणार कधी? तोल गेला तरच धर."

थोड्या वेळानं परत माझ्याकडे वळून म्हणाल्या, "जयराज, लक्ष आबांकडे. माझ्याकडे नको."

मेलो!

कॉलेज कुठलं, असंही विचारलं. आबाच म्हणाले, "सुट्टीवर आलाय."

७ जुलै

आज रविवार. शुक्रवारला अजून किती वेळ आहे! नाही, मंगळवारीही जायचंय. आहे की!

९ जुलै, मंगळवार

मॅडमनी आबांना विचारलं, पडलात तेव्हा काय करत होता? पायाखाली काय होतं? आबा छताकडे बघत बसले. सांगतच नाहीत. मला एकटं गाठून म्हणाल्या, घरी नजर ठेव. (एकटं गाठून!) कारण कळल्याशिवाय नुसत्या व्यायामाचा उपयोग नाही.

साधी लाकडी काठीही सुचवली. आबा म्हणाले, काठी म्हाताऱ्यांना.

१३ जुलै, शनिवार

सापडलं!!

आमच्या गोठ्यामागं जिल्हा परिषदेची शाळा. आज शनिवार म्हणून सकाळची. मी अंगणात दात घासत होतो. आबा वैरण घेऊन गोठ्यात. शाळेत पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं आणि आबांनी वैरण टाकली — टाचेला टाच, छाती पुढं, हनुवटी वर. सावधान! पायाखाली शेणामुताचा निसरडा उतार. दुसऱ्या ओळीलाच झुलायला लागले. मी ब्रश टाकून धावलो, पाठीला हात दिला. राष्ट्रगीत संपेपर्यंत माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रोज अकराला हेच चाललेलं. जिथं असतील तिथं. आणि आम्हाला कुणालाच ठाऊक नाही. धुळाला चहा पाजायला हवा.

१६ जुलै, मंगळवार

मॅडमना सांगितलं. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, पाय जुळवून, मान वर करून उभं राहणं या वयात सगळ्यात अवघड.

मग स्टूल ओढून आबांसमोर बसल्या. त्यांचे वडीलही फौजेतले. नागसेन त्यांचं नाव. आबांनी लगेच विचारलं, "कुठली पलटण?"

"महार."

आबा ताठ झाले. "लय चिवट पलटण. आता कसं हायती?"

"मागच्या वर्षी असेच सावधान उभे असताना पडले. खुबा मोडला. अजून अंथरुणात आहेत." आणि म्हणाल्या — "आबा, उभं राहू नका असं मी म्हणणार नाही. त्यांना म्हटलं होतं, ऐकलं नाही. तुम्हाला मी उभं राहायला शिकवते."

आबा म्हणाले, "येस मॅडम."

घरात आजवर कुणाला 'येस' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

२१ जुलै, रविवार

धुळाला मदतीला घेऊन गोठ्यातली गुळगुळीत फरशी उखडली, खडबडीत दगड बसवला. न्हाणीपाशी हाताला धरायला पाइप. आबांच्या झिजलेल्या स्लीपर चुलीत घातल्या. आई ओरडली, रबराचा वास घरभर!

संध्याकाळी ओट्याला धरून टाचा उचलणं, मग एका पायावर. आबा कवायतीसारखे स्वतःलाच हुकूम देतात. धुळा बघायला येतो आणि मागं उभा राहून तोही करतो. तोच पडतो.

२ ऑगस्ट, शुक्रवार

हेडमास्तर घरी आले होते. दर पंधरा ऑगस्टला शाळेचा झेंडा आबा फडकवतात. गावातले सगळ्यात जुने फौजी. मास्तर म्हणाले, यंदा आबांना पुढं खुर्ची देतो, झेंडा नाथाजी फौजी फडकवतील. पोरांसमोर पडले-बिडले तर...

माझं डोकं फिरलं. म्हटलं, खुर्चीवर तुम्हीच बसा! आईनं तोंडाला पदर लावला. मास्तर उठून गेले.

रात्री आबा जेवले नाहीत. मोडलेलं हाड मी बघितलेलं नाही, पण आज त्यांच्यात काहीतरी मोडलं.

६ ऑगस्ट, मंगळवार

मास्तरांकडे गेलो. आवाज चढवल्याबद्दल चुकलो म्हटलं. ते म्हणाले, मॅडम हो म्हणाल्या तर झेंडा आबांचा.

९ ऑगस्ट, शुक्रवार

परीक्षा! सावधान, मान वर, सॅल्यूट. आबा निम्म्यात हलले. मॅडम म्हणाल्या, "तोल जातोय वाटलं तर पाय फाकवायचे, वीतभर. एवढं कबूल करा, मी हो म्हणते."

"राष्ट्रगीताला? विश्राम?" आबांचा चेहरा असा, की जणू मॅडमनी बंदूक टाकून पळायला सांगितलं.

"बाबांना उभं राहू नका म्हटलं, तेव्हा त्यांनीही असंच विचारलं होतं," मॅडम म्हणाल्या.

आबांनी नुसती मान हलवली. कबूल की नाही, मला कळलं नाही. मॅडम मात्र हो म्हणाल्या.

धीर करून विचारलं, पंधराला आमच्या गावी याल? म्हणाल्या, त्या दिवशी घरी बाबांना पहिल्यांदा वॉकर देणार आहे. मागं उभं राहायला मीच हवी.

इस्त्री केलेला शर्ट पेटीत ठेवला. राग आला नाही. नवलच.

१५ ऑगस्ट, गुरुवार

आबांनी दोरी ओढली. झेंडा उघडला, फुलं पडली. टाचेला टाच, सॅल्यूट, हनुवटी वर. मी मागं, हात पुढं. लावायचे नाहीत. पोरं गायला लागली.

मधेच आबा झुलले. आधी पुढं, मग डावीकडं. नाथाजी फौजी पुढं यायला लागले, मी मानेनंच थांबवलं. माझी बोटं आबांच्या सदऱ्यापासून सुपारीभर लांब. धरू? धरू?

आबांनी उजवा पाय उचलला आणि वीतभर बाजूला टेकवला.

थांबले. शेवटच्या ओळीपर्यंत उभे. सॅल्यूट खाली आला नाही.

परतताना म्हणाले, "हुकूम मॅडमचा हुता." आणि वाटेत धुळाकडून आणवलेली काठी हातात घेतली.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

मॅडम म्हणाल्या, रोजचा व्यायाम घरी चालू ठेवा, आता तीन महिन्यांनी दाखवायला या. त्यांचे बाबा दारापर्यंत चालले. आज पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. मी आबांकडे लक्ष ठेवलं.

१९ ऑगस्ट, सोमवार

रात्री जेवताना आबा म्हणाले, "उद्या साताऱ्याला जायचंय." म्हटलं, आबा, आता तुमचं तिथं काही काम नाही.

"माझं न्हाई. तुझ्या कॉलेजात. तुझी सुट्टी संपली." भाकरीचा तुकडा मोडला. "त्या सरांच्या खोलीत मी तुझ्या मागं उभा ऱ्हातो. हात लावणार न्हाई."